अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय नेमकं कुणी जाळलं?

प्रश्न असा आहे: अलेक्झांड्रियाचं प्राचीन ग्रंथालय जाळलं कुणी? ज्युलिअस सीझरने, ख्रिस्ती जमावाने की खलिफा उमरच्या सैन्याने? आणि ते जळलं नसतं तर जग आज हजार वर्षं पुढे असतं का?

गेली सव्वीस वर्षं मी जुन्या पोथ्या आणि हस्तलिखितांच्या जतनाचं काम करतो. व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नाव देता येत नाही. अलेक्झांड्रियात आगी लागल्या, त्यात पुस्तकं जळली, हे खरं आहे. पण एकाही आगीने ते ग्रंथालय संपवलं नाही. नकला करणारे हात थांबले आणि त्या हातांना पोसणारी पंगत बंद झाली, म्हणून ते संपलं. एकच साल सांगा असा आग्रह केलात तर मी इ.स.पू. १४५ सांगेन. त्या साली तिथे एकही पान जळलं नव्हतं.

आधी ते काय होतं ते बघू. अलेक्झांडरने शहर वसवलं इ.स.पू. ३३१ मध्ये. आठ वर्षांनी तो वारला आणि इजिप्त त्याच्या टॉलेमी या सरदाराकडे गेलं. पहिल्या दोन टॉलेमींच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ३०० च्या आगेमागे, राजवाड्याच्या आवारातच 'म्युझिऑन' उभं राहिलं, म्हणजे विद्या आणि कलांच्या देवतांचं स्थान. स्ट्रॅबो हा भूगोलकार इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्या शहरात राहून आला होता. त्याने लिहिलंय की तिथे फिरायला एक मार्ग आहे, बसून चर्चा करायला दालन आहे आणि एक मोठं घर आहे, ज्यात सगळ्या विद्वानांची पंगत एकत्र बसते. त्यांचा खर्च सामायिक निधीतून चाले. वर एक पुजारी, आणि त्याची नेमणूक राजाकडे. ही पंगत लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

पुस्तकं गोळा करायची हाव तर विलक्षण होती. इ.स. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन सांगतो की बंदरात लागलेल्या जहाजांवरची पुस्तकं काढून घेत, त्यांची नक्कल करत आणि मालकाला नक्कल परत देत. मूळ प्रत ग्रंथालयात, वर शेरा 'जहाजांवरून'. तिसऱ्या टॉलेमीने अथेन्सकडून एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडिस या तिघा नाटककारांच्या अधिकृत प्रती नकलेसाठी मागवल्या. अथेन्सने १५ टॅलेंट चांदी अनामत घेतली, म्हणजे आजच्या मापात जवळजवळ चारशे किलो. राजाने उत्तम पपायरसवर, म्हणजे तेव्हाच्या कागदावर, नकला करवल्या, त्या अथेन्सला धाडल्या, मूळ प्रती ठेवून घेतल्या आणि अनामतीवर पाणी सोडलं.

एवढा माल आल्यावर तो लावायचा कसा? हे काम कॅलिमॅकस नावाच्या कवीने केलं. त्याची 'पिनाकेस' ही सूची १२० गुंडाळ्यांची होती; तेव्हाचं पुस्तक म्हणजे गुंडाळीच. ग्रंथकाराचं नाव, बापाचं नाव, गाव, गुरू, ग्रंथांची यादी, प्रत्येक ग्रंथाची पहिली ओळ आणि एकूण ओळी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टेबलावरची आमची नोंदवही बघत राहिलो. आम्हीही पोथीची नोंद करताना आरंभ लिहितो, अंत लिहितो, पत्रसंख्या आणि पानावरच्या ओळी लिहितो. पहिलं पान आहे का आणि शेवटपर्यंत पोथी पुरी आहे का, हे कळायला याहून सोपी युक्ती बावीसशे वर्षांत कुणाला सुचलेली नाही.

दुसरं मोठं काम पाठशुद्धीचं. ग्रीक महाकवी होमरच्या काव्याच्या गावोगावच्या प्रती एकमेकींशी जुळत नसत. झेनोडोटसपासून ॲरिस्टार्कसपर्यंत तिथल्या विद्वानांच्या तीन-चार पिढ्या त्या ताडून बघत बसल्या. संशय वाटेल ती ओळ ॲरिस्टार्कस खोडत नसे. ओळीशेजारी समासात एक आडवी रेघ मारत असे, 'ही मूळची वाटत नाही' एवढं सांगणारी. आपल्याकडे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत, 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ फासली की खालचं अक्षर झाकलं जातं. ॲरिस्टार्कसची रेघ मात्र नाकारलेली ओळही पुढच्या वाचणाऱ्यासाठी राखून ठेवते. या कामाचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी: नकलांमागून नकला होताना पाठ बिघडत गेला होता.

आता ज्या गोष्टीकडे इतिहासाच्या गप्पांत कुणी वळत नाही, तिकडे येतो. पुस्तक कशाचं होतं?

पपायरस हे नाईलच्या दलदलीतलं गवत. त्याच्या देठाच्या पातळ पट्ट्या एकीशेजारी एक मांडायच्या, वर आडव्या पट्ट्यांचा दुसरा थर द्यायचा, ठोकून-दाबून वाळवायचं. असे ताव चिकटवत नेले की पाच-दहा मीटरची पट्टी होते, तीच गुंडाळून ठेवायची. वाचताना एका हाताने उलगडायचं आणि दुसऱ्याने गुंडाळत जायचं, आणि वाचून झालं की पुढच्या माणसासाठी पुन्हा उलटं गुंडाळायचं. दर वाचनाला कडा झिजतात. गुंडाळीच्या टोकाला नावाची चिठ्ठी लोंबत असे. ती तुटली की बाहेरून सगळ्या गुंडाळ्या सारख्याच.

हे सगळं वाळवंटात कोरडं राहिलं तर दोन हजार वर्षं टिकतं. पण अलेक्झांड्रिया वाळवंटात नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सरोवर. कोकणात पुस्तकं सांभाळणाऱ्याला हे चित्र लगेच कळेल. इजिप्तच्या मातीने लाखो पपायरसचे तुकडे राखून ठेवले, पण ते आतल्या कोरड्या भागातल्या गावांचे. खुद्द अलेक्झांड्रियाच्या जमिनीतून जवळपास काहीच मिळालेलं नाही, आणि त्याला ओलावा पुरेसा आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घरी पोथ्या बघायला गेलो होतो. माळ्यावर सागवानी पेटी, तिला कुलूप. घरातल्या आजी अभिमानाने म्हणाल्या, "सासऱ्यांच्या मागे कुणी हात लावलेला नाही हो. सगळं जसंच्या तसं आहे." पेटी उघडली. वरचा लाल रुमाल चांगला होता. गाठ सोडली आणि आतून पोथी निघाली ती विटेसारखी. पावसाळ्यामागून पावसाळे ओल धरून पानं एकमेकांना चिकटली होती, काजळीची शाई समोरच्या पानावर उतरली होती. कडेला कसरीने नक्षी काढली होती. दुसऱ्या बस्त्यात वाळवीची माती. बोट लावलं की पानाचा चुरा होत होता. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला बोलायला शब्द सापडेना. त्या घरात आग कधीच लागली नव्हती. पोथ्यांना कुणी हात लावला नाही, हेच त्यांचं मरण ठरलं. दर पावसाळ्यानंतर कुणी त्या उन्हं दाखवून चाळल्या असत्या आणि वेळीच नक्कल केली असती, तर त्या आज वाचता आल्या असत्या.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्'. तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. या ओळीत आग नाही. दुसऱ्या एका श्लोकात ती येते, पण पाणी, चोर आणि उंदीर यांच्या रांगेत. पुस्तकांचे शत्रू कोण, हे त्या लोकांना रोजच्या कामातून ठाऊक होतं.

आता अलेक्झांड्रियाचा हिशोब करू. प्राचीन लेखकांचे आकडे एकमेकांत बसत नाहीत. कुणी दोन लाख गुंडाळ्या म्हणतं, कुणी चार लाख नव्वद हजार, कुणी सात लाख. मी सात लाखांवर विश्वास ठेवत नाही. तेवढ्या गुंडाळ्या भरायला तेवढे ग्रीक ग्रंथ असायला हवेत, आणि एका मोठ्या ग्रंथाच्या डझनावारी गुंडाळ्या होतात हे धरूनही तो आकडा जड जातो. एक लाखच धरा. रोमन लेखक प्लिनीला दोनशे वर्षांपूर्वीचे हस्ताक्षरातले कागद बघायला मिळाले, ते त्याने नवल म्हणून नोंदवले आहेत. म्हणजे दोनशे वर्षं हे चांगलं आयुष्य. एक लाख गुंडाळ्यांची दोनशे वर्षांत एकदा नक्कल करायची, तर वर्षाला पाचशे गुंडाळ्या नुसतं आहे ते टिकवायला लिहाव्या लागतात. नवं एकही पुस्तक न आणता. त्यासाठी लेखनिक हवेत, त्यांचे पगार हवेत, नक्कल मूळ प्रतीशी ताडून बघणारा विद्वान हवा, आणि काय आधी लिहायचं हे ठरवणारा ग्रंथपाल हवा. यातला एक माणूस गेला की काम रेंगाळतं. दोन पिढ्या कुणीच नसलं की संग्रह शांतपणे मरतो.

म्हणून मी इ.स.पू. १४५ म्हणतो. त्या वर्षी आठवा टॉलेमी गादीवर आला. लोक त्याला 'फिस्कॉन' म्हणजे ढेरपोट्या म्हणत. गादीच्या भांडणात आपल्या विरोधात गेलेल्यांवर त्याने सूड उगवला आणि विद्वानांना शहराबाहेर काढलं. ॲरिस्टार्कस तेव्हा ग्रंथालयाचा प्रमुख आणि राजपुत्रांचा शिक्षक होता. तो सायप्रसला पळाला आणि तिथेच वारला. त्याचे शिष्य पांगले. व्याकरण लिहिणारा डायोनिसिअस थ्राक्स रोड्सला गेला. भूमितिकार, वैद्य, संगीतकार, चित्रकार सगळे गावोगाव शिकवण्या करून पोट भरू लागले. ग्रीक जगाचा त्यातून फायदाच झाला, असं त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या एका ग्रीकाने म्हटलंय. ग्रंथालयाचा मात्र कणा मोडला.

त्यानंतर प्रमुख कोण झाला? उत्तर इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस या गावाच्या उकिरड्यात सापडलं. तिथे मिळालेल्या एका पपायरसवर ग्रंथपालांची यादी आहे: अपोलोनिअस, एराटोस्थेनिस, ॲरिस्टोफेनिस, ॲरिस्टार्कस, आणि मग 'भालदारांपैकी कीडास'. राजाच्या पहाऱ्यावरचा माणूस. ज्या खुर्चीत पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस बसला होता, तिथे राजनिष्ठेचं बक्षीस म्हणून शिपाई बसला. ही ओळ वाचली की मला कुठल्याही आगीच्या वर्णनापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता आगी. इ.स.पू. ४८ मध्ये सीझर अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात अडकला असताना त्याने बंदरातल्या जहाजांना आग लावली आणि ती किनाऱ्यावर पसरली. सीझरने स्वतः जहाजं जाळल्याचं लिहिलंय, पुस्तकांबद्दल अवाक्षर नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका चाळीस हजार पुस्तकं जळाल्याचं सांगतो. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क दीडशे वर्षांनी म्हणतो की मोठं ग्रंथालयच गेलं. इतिहासकार डिओ कॅसिअसच्या मते गोदी, धान्याची कोठारं आणि पुस्तकांच्या वखारी जळाल्या. मला हे शेवटचं सगळ्यात पटतं. बंदराजवळच्या वखारीत आलेला किंवा जायचा माल असणार. तो जळणं हे नुकसानच, पण ग्रंथालय त्यानंतरही होतं. स्ट्रॅबोने म्युझिऑन बघितलं ते या आगीनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. सम्राट क्लॉडिअसने म्युझिऑनला नवी जोड दिली. बाल्बिलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या शिलालेखात त्याच्या पदांमध्ये 'अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय' स्पष्ट लिहिलंय. आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमची ग्रंथालयं जळाली तेव्हा सम्राट डोमिशिअनने नकला करून आणायला आणि पाठ ताडून बघायला माणसं पाठवली ती अलेक्झांड्रियालाच.

पण रोमन काळात म्युझिऑनचं सदस्यत्व हळूहळू मानाचं बिरूद होत गेलं. सम्राटांच्या मर्जीतले अधिकारी आणि नावाजलेले खेळाडूसुद्धा त्या यादीत दिसतात. इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅला शहरावर संतापला, त्याने कत्तल केली आणि डिओच्या म्हणण्याप्रमाणे सामायिक भोजनं बंद केली. ती पंगत इथे उठली. इ.स. २७२ च्या सुमारास सम्राट ऑरेलिअनच्या लढाईत राजवाड्याचा भाग असलेला ब्रुकिऑन हा मोहल्लाच उद्ध्वस्त झाला. त्यानंतर मूळ ग्रंथालयाचं काही उरलं असेल असं मला वाटत नाही.

मग ख्रिस्ती जमावाने काय जाळलं? इ.स. ३९१ च्या सुमारास बिशप थिओफिलसच्या काळात सेरापिस देवाचं मंदिर, सेरापिअम, पाडलं गेलं. तिथे एकेकाळी ग्रंथालयाची शाखा होती. पण मंदिर पाडल्याची हकिकत लिहिणारे त्या काळातले लेखक पुस्तकांचा उल्लेख करत नाहीत, आणि पाडापाडीच्याच सुमारास लिहिणारा रोमन इतिहासकार अम्मिआनस तिथल्या ग्रंथालयांबद्दल भूतकाळी क्रियापद वापरतो. ओरोसिअस हा इतिहासकार स्वतः ख्रिस्ती. आपल्याच माणसांनी रिकामी केलेली मंदिरांमधली पुस्तकांची कपाटं आपण पाहिली आहेत, असं तो लिहितो. म्हणजे मंदिरांतून पुस्तकं लुटली गेली, हे त्यांच्याच तोंडून कळतं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण ते टॉलेमींचं ग्रंथालय नव्हतं. हायपेशिया या अलेक्झांड्रियातल्या गणिती विदुषीचा इ.स. ४१५ मधला निर्घृण खून हाही वेगळा प्रसंग आहे. चित्रपटांनी आणि गोष्टींनी तो ग्रंथालयाला जोडून टाकला.

खलिफा उमरची कथा तर सरळ बाजूला ठेवा. 'ही पुस्तकं कुराणाशी जुळत असतील तर नकोत, विरोधी असतील तर घातक' असं म्हणून ती चार हजार हमामांत सहा महिने जळण म्हणून वापरली, अशी ती कथा. अरबांनी शहर घेतलं इ.स. ६४२ मध्ये. कथा लेखी स्वरूपात येते ती साडेपाचशे वर्षांनी. त्यात पुस्तकांसाठी रदबदली करणारा जो व्याकरणकार जॉन आहे, तो शहर पडण्याआधी कित्येक दशकं वारला होता. शिवाय जाळायला तिथे उरलं काय होतं? ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने पुढे पाठवली जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. तिच्यावर कुणी काही उभारत असेल तर पाया नाही.

राहिला 'हजार वर्षं पुढे' हा प्रश्न. अलेक्झांड्रिया हे एकमेव ग्रंथालय नव्हतं. पर्गमम, अथेन्स, अँटिओक, रोम, सगळीकडे प्रती होत्या. एखादा ग्रंथ आज नाही, याचा अर्थ सगळ्याच ठिकाणी त्याची नक्कल थांबली. मोठी गळती झाली ती गुंडाळीकडून शिवलेल्या पानांच्या पुस्तकाकडे जग वळलं तेव्हा, इ.स. दुसऱ्या ते चौथ्या शतकात. जे नव्या रूपात उतरवलं नाही, ते गेलं. ज्यांच्या घरी जुन्या ध्वनिफिती आहेत पण वाजवायला यंत्र नाही, त्यांना ही गत ओळखीची वाटेल. सोफोक्लिसने सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली, उरली सात. ती सातही शाळांत शिकवली जात म्हणून उरली.

युरिपिडिसची गोष्ट तर मला कधी विसरता येत नाही. त्याची एकोणीस नाटकं त्याच्या नावावर आज आहेत. त्यातली दहा शिकवण्यातली निवड. बाकीच्या नऊंची नावं बघा, ती ग्रीक वर्णमालेत एकमेकांजवळ येणाऱ्या अक्षरांनी सुरू होतात. कधीतरी कुणाकडे वर्णक्रमाने लावलेल्या संपूर्ण संचाचा तेवढाच भाग उरला असावा, आणि त्यावरून कुणीतरी नक्कल केली. चौदाव्या शतकातल्या, आता फ्लॉरेन्समध्ये असलेल्या एका हस्तलिखितामुळे ती नाटकं आपल्यापर्यंत आली.

ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या राज्यघटनांचं वर्णन लिहिलं होतं. सगळी नाहीशी झाली असं एकोणिसाव्या शतकापर्यंत धरलं जात होतं. मग इजिप्तमध्ये मिळालेल्या काही गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियमने घेतल्या आणि १८९१ मध्ये त्यातला मजकूर छापून आला: अथेन्सची राज्यघटना, जवळजवळ पूर्ण. गुंडाळ्यांच्या पुढच्या बाजूला एका शेतीच्या मालमत्तेचा इ.स. ७८-७९ चा जमाखर्च आहे. तो जुना झाल्यावर मागची कोरी बाजू कुणीतरी वाया जाऊ दिली नाही. अक्षरावरून कळतं की तिथे चौघांनी मिळून नक्कल केली आहे.